उन्हाचा बळी कोणत्या रकान्यात?

(दुष्काळ निवारण समितीच्या वार्षिक सभेत एका वकील सभासदांनी केलेले भाषण. सभेच्या इच्छेवरून ते अहवालास जोडून छापले आहे.)



समितीचा जमाखर्च आपणांपुढे नुकताच वाचून दाखविण्यात आला. धान्य, चारा आणि पाणी या तीन खात्यांवर आपल्या वर्गणीचा विनियोग होत आला आहे, आणि तो योग्यच आहे. आज मी आपणांजवळ चौथे खाते मागण्यास उभा आहे. ते खाते उन्हाचे. हवामान पालटत चालले आहे हे आपण ऐकतो, वाचतो आणि पुष्कळदा तो विद्वानांचा विषय म्हणून सोडून देतो. परंतु त्याचा परिणाम माणसाच्या देहावर, आणि त्यातही आपल्या बाजारातील हमालाच्या व शेतातील मजुराच्या देहावर कसा होतो, हे पाहिले म्हणजे तो विषय आपल्या दाराशी येऊन बसला आहे असे दिसून येईल.

प्रथम एक जुना दाखला देतो. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर जो भयंकर दुष्काळ कोसळला, त्यात सोलापूर, सातारा, पुणे, अहमदनगर आदी जिल्हे होरपळून निघाले. त्या काळच्या मृत्युनोंदी पाहू जाता एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. माणसे अन्नावाचून मरत होती हे सर्वांस ठाऊक होते. पण भूक हे कारण नोंदीत क्वचितच आढळे. ताप, पटकी आणि हगवण यांचे रकाने मात्र भरून वाहत. अन्न नाही म्हणून अंगात त्राण नाही, स्वच्छ पाणी नाही म्हणून पटकी, आणि पाऊस परतल्यावर डास माजले म्हणून हिवताप. अशा क्रमाने दुष्काळाने माणसे नेली, आणि दोष मात्र रोगाच्या नावे पडला. पुढे १८८० साली दुष्काळ आयोगाने अहवाल सादर केला, तेव्हा नेहमीच्या वर्षी जितकी माणसे मरतात त्याहून जादा किती मेली असा हिशेब मांडण्यात आला. ब्रिटिश मुलखापुरता तो आकडा सुमारे साडेबावन्न लाख निघाला. एकेका मयताच्या दाखल्यात जे सापडले नाही ते बेरजेत सापडले.

व्यापारी मंडळींस ही रीत नवी नाही. गोदामातील प्रत्येक पोत्यावर चोराचे नाव लिहिलेले नसते. वहीप्रमाणे माल किती असावा आणि प्रत्यक्ष किती भरला, यांतील तफावत पाहूनच चोरी उघडकीस येते. उन्हाने होणाऱ्या मृत्यूंचेही नेमके असेच आहे.

अहमदाबाद शहराची हकीकत ऐका. मे २०१० मध्ये तेथे उष्णतेची लाट आली. २१ मे रोजी पारा ४६.८ अंश सेल्सिअसवर गेला. उष्माघात असे कारण लिहिलेले मृत्यू त्या मानाने थोडेच होते. पुढे संशोधकांनी त्या महिन्यातील एकंदर मृत्यूंची आधीच्या व नंतरच्या वर्षांच्या मे महिन्यांशी तुलना केली, तेव्हा १,३४४ मृत्यू जादा भरले. म्हणजे नेहमीपेक्षा सुमारे ४३ टक्के अधिक. ही सर्व माणसे कोणत्या ना कोणत्या रकान्यात होतीच. कोणी हृदय बंद पडून गेले, कोणी मूत्रपिंडे निकामी होऊन, तर कोणी नुसत्या वार्धक्याने. उन्हाचे नाव कोणी घेतले नाही. युरोप खंडात २००३ च्या उन्हाळ्यात असेच घडले. तेथे जादा मृत्यूंची गणती सत्तर हजारांवर गेली. थंड व श्रीमंत देशांची ही गत, तर पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या आपल्या माणसांची काय कथा!

आता ऊन माणसास मारते कसे, हे थोडक्यात सांगतो. मी वैद्य नव्हे. परंतु वकिलास पुरावा समजून घ्यावा लागतो, म्हणून जाणत्यांकडून समजून घेतले ते असे. शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राहिले पाहिजे. बाहेर उष्मा वाढला की हृदय अधिक वेगाने रक्त कातडीकडे ढकलते, आणि घाम वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो. कष्टाच्या कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो. तितके पाणी व मीठ पोटात गेले नाही तर रक्त आटते, हृदयावर ताण पडतो आणि मूत्रपिंडांस पुरेसे रक्त मिळत नाही. शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला वा बेशुद्ध पडला, की तो उष्माघात. मग घटकाभराचा विलंबही जिवावर बेततो. म्हातारी माणसे, तान्ही मुले, गरोदर स्त्रिया व हृदयाचे रोगी यांस याहून कमी उष्माही बाधतो.

हवेत दमटपणा असला तर गोष्ट आणखी बिकट होते, कारण घाम येतो पण वाळत नाही. तापमापकाच्या फुग्यास ओले फडके गुंडाळून घेतलेले तापमान ३५ अंशांवर गेले, तर सावलीत स्वस्थ बसलेला धडधाकट मनुष्यही काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही, असे शास्त्रज्ञ पूर्वी सांगत. अलीकडच्या प्रयोगांत ही मर्यादा तरुण व निरोगी माणसांसही ३१ अंशांच्या आसपासच आढळली. म्हणूनच १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर मोठा समुदाय जमला असता, पारा ३८ अंशांच्या आसपास असूनही, उन्हाने चौदा माणसांचा बळी घेतला. पारा ४५ वर गेल्यावाचून धोका नाही, ही समजूत किनारपट्टीवर घातक ठरते.

यावर कोणी म्हणतील, “ऊन काय आजचे आहे? आमचे वाडवडील याच उन्हात राबले.” या आक्षेपास मी आदराने उत्तर देतो. एक तर ऊन तेच राहिलेले नाही. कोळसा व तेल जाळून माणसाने हवेत जो कर्बवायू सोडला, त्याने पृथ्वीभोवती घोंगडे पांघरल्यासारखे झाले आहे. २०२४ हे साल मोजणी सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण साल ठरले. जगाचे सरासरी तापमान त्या वर्षी १८५० ते १९०० या काळापेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक होते. आपल्या देशाचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढले. आकडे लहान दिसतात. परंतु सरासरी थोडी सरकली की टोकाचे दिवस पुष्कळ वाढतात. सावकारी व्याजाचा दर अर्ध्या टक्क्याने वाढला तर कुळाचे काय होते हे आपण जाणताच.

दुसरे असे की, वाडवडिलांचे रक्षण करणाऱ्या गोष्टी आपण हातच्या घालवल्या. त्यांची घरे माळवदाची होती. जाड मातीचे छत दुपारचे ऊन अंगावर घेई आणि आत गारवा राही. आज गरिबाच्या डोक्यावर पत्रा आहे, आणि त्याखाली रात्रीही उकाडा सरत नाही. दिवसभर तापलेल्या देहास रात्री थंडावा मिळाला नाही तर त्याची झीज भरून निघत नाही, आणि दुसऱ्या दिवशीचे ऊन अधिक बाधते. वाडवडील पहाटेच कामास लागत, दुपारी झाडाखाली पडत आणि उन्हे कलल्यावर पुन्हा उठत. रस्तोरस्ती पाणपोई असे. आज बाजार घड्याळाप्रमाणे चालतो, मालमोटार उभी राहिली की हमाल उभा राहिलाच पाहिजे, मग बारा वाजोत की दोन.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि ती आपल्या समितीच्या नित्य अनुभवाची आहे. दुष्काळ आणि ऊन ही जुळी भावंडे होत. जमिनीत ओल नसली की सूर्याची सारी उष्णता हवा तापविण्यात जाते. आणि ऊन वाढले की तळी व विहिरी लवकर आटतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी पोहोचवावे लागले. तत्पूर्वी मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा हुकूम जारी करावा लागला होता. ज्या दिवशी देहास पाणी अधिक हवे, नेमके त्याच दिवशी ते मिळत नाही. मग घरची बाई हंडा वाचवण्यासाठी स्वतः कमी पिते. बोअर खोल खोल जातात, आणि काही भागांत त्या खोल पाण्यातून फ्लोराईड वर येते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत त्याने दात किडल्यासारखे डागाळतात व हाडे वाकतात, हे सर्वश्रुत आहे. टँकरचे पाणी साठवावे तर त्यातही डासांची पैदास होते. या साऱ्याचा एकत्र विचार करूनच जागतिक आरोग्य संघटनेने असा अंदाज दिला आहे की, २०३० ते २०५० या काळात कुपोषण, हिवताप, अतिसार व उष्मा या चार कारणांनी जगात दरवर्षी सुमारे अडीच लाख मृत्यू जादा होतील. अन्न, ताप, हगवण! १८७७ सालचेच रकाने ते. त्यांत उन्हाचा एक वाढला इतकेच.

आता माझ्या धंद्यातील एक गोष्ट. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा असे म्हणत असे की, कामावरून व काम चालू असता अपघाताने इजा वा मृत्यू झाला, तर मालकाने भरपाई द्यावी. भिंत अंगावर पडली तर पुरावा सोपा. पण खडी फोडता फोडता दुपारी दोन वाजता मनुष्य खाली बसला व उठलाच नाही, तर दाखल्यावर येते ‘हृदयक्रिया बंद’. हृदयक्रिया तर प्रत्येक मृताची बंद पडते! ती कशाने पडली हे सिद्ध करण्याचा भार विधवेवर येतो. आणि त्या दिवशी, त्या जागी उष्मा किती होता, शेवटचे पाणी केव्हा प्याला, याची नोंद कोणीच केलेली नसते. दावा खोटा नसतो, पण पुराव्यावाचून पांगळा असतो. न दिसणारा मृत्यू न्यायासही दिसत नाही, आणि दानासही दिसत नाही.

हे निराशेचे बोल नव्हेत, कारण उपाय ठाऊक आहेत आणि ते महागही नाहीत. त्या अहमदाबादेनेच २०१३ साली उष्णतेचा सामना करण्याची योजना आखली. दक्षिण आशियात ती पहिलीच. हवामान खात्याचा अंदाज आला की पिवळा, नारिंगी वा लाल इशारा द्यावा. दवाखान्यांत बर्फ, सलाईन व जाणते हात सज्ज ठेवावे. पाण्याच्या जागा वाढवाव्या. बागा दुपारी खुल्या ठेवाव्या. गरिबांच्या छपरांस पांढरा चुना मारावा. इतक्या साध्या गोष्टी! पुढे हिशेब करता, २०१४ व २०१५ या दोन वर्षांत सरासरीने वर्षाला सुमारे ११०० ते १२०० मृत्यू टळले असा अंदाज निघाला. १८८० च्या अहवालावरून ज्या दुष्काळ संहिता झाल्या, त्यांचे तत्त्व हेच होते की प्रेते मोजीत बसू नये, पहिली चिन्हे दिसताच मदत उभी करावी. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने तेच केले. मे १९७३ च्या सुमारास पन्नास लाखांच्या घरात माणसे दुष्काळी कामांवर होती, आणि पूर्वीच्या दुष्काळांसारखा संहार झाला नाही. त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा निघाला. भुकेविषयी आपण हा धडा शिकलो. उन्हाविषयी शिकावयाचा आहे.

व्यवहारी मंडळी विचारतील की, मजुरास दुपारी विसावा दिला तर काम कसे उरकेल? याचे उत्तर मध्य अमेरिकेतील ऊसकऱ्यांनी दिले आहे. निकाराग्वा व एल साल्वादोर या देशांत ऊस तोडणारे तरुण, मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागले. उन्हातील कष्ट व पाण्याचा तुटवडा हे त्याचे एक प्रमुख कारण असल्याचे संशोधकांनी ठरविले. एल साल्वादोर येथे मजुरांस पाणी, सावली व ठरावीक विसावा देऊन पाहिले, तेव्हा माणशी रोजची तोड ५.१ टनांवरून ७.३ टनांपर्यंत गेली. विसाव्याने काम बुडाले नाही, वाढले. बीडहून कोयता घेऊन निघणारी जोडपी ज्यांच्या फडांत उतरतात, अशा मालकांनी हा आकडा विसरू नये. कारण हंगाम लांबला की चैत्राच्या उन्हातही ती जोडपी फडातच असतात. उलट, काही न करण्याची किंमतही काढलेली आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ साली असा अंदाज दिला की, २०३० पर्यंत उष्म्यामुळे भारतातील कामाचे ५.८ टक्के तास वाया जातील. ते ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ कामांइतके भरतात.

“हे सरकारचे काम नव्हे काय?” असेही कोणी विचारतील. आहे, आणि त्यास धाब्यावर बसवता येणार नाही. माळढोक पक्ष्याच्या रक्षणासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये असे म्हटले आहे की, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळण्याचा हक्क घटनेच्या १४ व २१ या अनुच्छेदांतून निघतो. त्या मुक्या पक्ष्याने माणसांस मिळवून दिलेला हा हक्क आहे! परंतु आपल्या बाजारात कोणत्या वेळी पोती उतरवावी, आपल्या शेतावर दुपारी पाण्याचा माठ कोठे ठेवावा, हे ठरविण्यास मंत्रालयाचा हुकूम लागत नाही. ते आपल्या हातचे आहे. शिवाय ज्या धुराने हे घोंगडे विणले तो हमालाच्या चुलीचा नव्हे. त्याचा लाभ ज्यांस झाला त्यांत थोडेफार आपणही आहोत. म्हणून ही मदत नुसता धर्मादाय नव्हे. तिच्यात देण्याचा भागही आहे.

तेव्हा समितीच्या वतीने मी आपणांकडे चार गोष्टी मागतो.

पहिली: चैत्र व वैशाख या दोन महिन्यांत प्रत्येक व्यापाऱ्याने व बागाईतदाराने दुपारी बारा ते चार अवजड काम बंद ठेवावे, ते पहाटे व सायंकाळी घ्यावे आणि मजुरी पूर्ण द्यावी. विसाव्याचे पैसे कापले तर विसावा कोणी घेणार नाही, हे उघड आहे. सेवा या स्त्री-कामगारांच्या संस्थेने २०२४ साली राजस्थान, गुजरात व महाराष्ट्र येथील सुमारे पन्नास हजार श्रमिक स्त्रियांस असा विमा दिला की, उष्मा ठरावीक अंशापलीकडे गेला की बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कम हाती पडावी. बुडीत रोजाचे भय गेल्याशिवाय सावलीत कोणी बसत नाही, हे त्या स्त्रियांनी ओळखले.

दुसरी: दुष्काळी कामांवर, बाजारात व एस.टी. थांब्यांवर मांडव, माठ आणि मीठ-साखरेच्या पाण्याची सोय करण्यासाठी निराळी वर्गणी द्यावी. जुन्या पाणपोईचे पुण्य तेच आहे, त्यात चिमूटभर मीठ तेवढे घालावयाचे.

तिसरी: ज्या वस्तीत पत्र्याची घरे आहेत तेथे उन्हाळ्यापूर्वी छपरांस चुना मारण्यासाठी चुन्याची पोती व मजुरी यांचा भार उचलावा. रोख द्यावयास अडचण असेल त्यांनी माल द्यावा.

चौथी मागणी पैशाची नाही. पण तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. समितीच्या प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने उन्हाळ्याचे तीन महिने एक वही ठेवावी. त्या दिवशी उष्मा किती होता, टँकर आला की नाही, कोण आजारी पडले, कोण वारले, वय काय, ते उन्हात कामावर होते काय, पाणी प्याले होते काय. इतकेच लिहावे. रोजकीर्दीत जे चढले नाही ते खतावणीत येणार कोठून? ही वही भरली तर दवाखान्यास दिशा मिळेल, विधवेच्या दाव्यास पुरावा मिळेल आणि आपले दान कोठे पोहोचावयास हवे होते ते पुढील वर्षी कळेल.

दुष्काळाच्या बळींना आपल्या पूर्वजांनी तापाच्या रकान्यात शोधले, आणि शोधले म्हणून पुढच्या पिढ्या वाचल्या. उन्हाच्या बळींसाठी तो रकाना आपणांस आखावयाचा आहे. समितीच्या चिटणीसांकडे वर्गणीचे पुस्तक व कोऱ्या वह्या दोन्ही ठेवलेल्या आहेत. जाताना प्रत्येकाने एकात नाव घालावे आणि दुसरी आपल्या गावी घेऊन जावी, इतकी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.